आठापैकी सात

सकाळी साडेआठला पांढऱ्या पेटीचं दार उघडते.
कोरडा पारा तीस पूर्णांक आठ,
ओला सत्तावीस सहा.
ओल्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी.

मग फोन. पलीकडे मुंबईचे साहेब, दर दोन महिन्यांनी नवे.
— ढग किती?
मी मान वर करते.
आभाळाचे आठ वाटे पाडायचे मनातल्या मनात,
बोटीवर मासळीचे पाडतात तसे,
आणि ढगांच्या वाट्याला किती आले ते सांगायचं.
— तीन, साहेब. आठापैकी तीन.
— आपलं नाव?
— सुलोचना पावसे.
ते हसतात. सगळेच हसतात.

दुपारच्या बातम्यांत माझे तीन परत येतात,
ओळखू न येण्याइतके मोठे होऊन:
येत्या अठ्ठेचाळीस तासांत दक्षिण कोकणात
मेघगर्जनेसह वादळी वारे, ताशी पन्नास ते साठ.
कमाल तापमानात तीन ते चार अंशांची घट.
मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

जे गेलेत त्यांनी काय करावं, ते सांगत नाहीत.

माझा तुळशीदास 'गंगासागर'वर आहे.
आज चौथा दिवस. बर्फ संपत आला असेल.

जैबुन्निसा मुकादम कुंपणाशी येते, हात कोपरापर्यंत जांभळे.
आमसुलांना पाच पुटं झालीत, दोन राहिलीत.
— दोन ऊनं दे गो मला. फक्त दोन.
जशी काही माझ्या पेटीत घडी करून ठेवलीत.
मंडपवाला मोरेश्वर विचारतो, पत्रे टाकू का कापड चालेल?
धाकू चोगले काहीच विचारत नाही.
त्याची बोट आठवड्यापूर्वीच वर ओढलेली, झापांनी शाकारलेली.
तो फक्त बसतो, विडी न पेटवता,
आणि माझ्याबरोबर पाण्याकडे बघतो.

बंदरात आगोटीची घाई.
सुकटीची पोती, मीठ, लाकडं, ताडपत्री,
आणि खळ्यावरचे बोंबील, कोणी अर्धे उचललेले, कोणी अजून नशिबावर.
'घट' हा शब्द मात्र सगळ्यांना आवडलाय.
वीस रात्री कोणी घरात झोपलेलं नाही.
पंखासुद्धा गरम वारा वाटत फिरतो, तेही वीज असली तर.

शहरातल्यांना वाटतं वादळ दर्यावरून येतं.
वळीव इथे पाठीमागून येतो,
दापोलीच्या अंगाने, डोंगर उतरून,
आपण समुद्राकडे तोंड करून उभे असताना.

चारला खारा वारा पडला.
रोज अकराला येणारा, दिवेलागणीला जाणारा,
बोलता बोलता माणूस नाव विसरतो तसा मध्येच थांबला.
कावळे माडावरून उतरून बांधावर बसले.
मग पाठीला थंड हात लागला.
धूळ, आंब्याची पानं, कुणाची तरी ओढणी,
मोरेश्वरचं कापड (पत्रे नव्हतेच टाकले त्याने)
सगळं समुद्राच्या दिशेने.
बायका ओरडत होत्या, हसतही होत्या,
पदरात बोंबील, तोंडात केस.
जैबुन्निसाची चटई दोघींनी धरून आत नेली,
पाच पुटांची आमसुलं, ओली, एकही न सांडता.

साडेपाच.
कोरडा सव्वीस चार, ओला पंचवीस आठ.
अजून थेंब नाही.
दोन पारे इतके जवळ आलेत
की एकमेकांशी कुजबुजू शकतील.
चिंधी गार. माझे हात गार.
गार झाल्याचं बरं वाटलं, आणि त्याची लाज.

— आता ढग किती? पूर्ण झाकलंय ना? आठ लिहू?

नियम साधा आहे, पहिल्या दिवशी शिकवलेला.
नखाएवढं भोक दिसलं तरी आठ म्हणायचं नाही.
डोंगर काळा. माथ्यावर काळं. दक्षिणेला वीज, आवाज नाही.
सुवर्णदुर्गाच्या मागे, पाण्याला टेकून,
आमसुलाच्या फोडीएवढी एक लाल फट
आणि फटीत काहीतरी काळं, वरखाली होणारं.
खडक नाही. तिथे खडक नाही.
धाकू उठून उभा राहिलाय.

— मॅडम? आठ?
— सात, साहेब.
— नक्की?
— सात लिहा.